कोनाचा होय गा तू

मी कंपनीत नियम लिहिते, हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबा अंगणात फाटलं जाळं शिवत बसले होते. त्यांनी हातातली सुई थांबवली.

"नियम लिहायचा पगार देतेत?"

"देतात."

"आन पाळायचा?"

"तो नाही देत कोणी."

"मंग ठीक आहे," असं म्हणून ते पुन्हा जाळ्यात गुंतले. आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे ते सचिव. तलावाचे नियम कित्येक वर्षं तेच लिहीत आले होते, तेही फुकट, त्यामुळे त्यांना थोडं लागलं असावं.

गाव सानगडीजवळ, आणि घर मासे धरणाऱ्यांचं. मी नागपुरात शिकले, पुण्यात नोकरीला लागले, आणि कंपनीने घरून काम करायची मुभा दिली तशी बॅग घेऊन परत आले. माडीवरच्या खोलीत टेबल टाकलं. तिथल्या खिडकीतून तलावाची पाळ दिसते. इंटरनेटची वायर साकोलीकडून खांबाखांबांवरून येते आणि वानरं तिच्यावर झोके घेतात. मीटिंगमध्ये माझा चेहरा मध्येच गोठला की पुण्याची मंडळी आपणच म्हणायची, वानरं आली वाटतं.

आता कामाचं थोडं सांगते. आमच्या कंपनीचे संगणक कंपनीत नाहीत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी भल्यामोठ्या इमारतींमध्ये असतात आणि आम्ही ते लागतील तसे भाड्याने घेतो. याला क्लाउड म्हणतात. घेणं फार सोपं आहे. चार ओळी लिहिल्या की सर्व्हर तयार, आणखी चार लिहिल्या की फाइली ठेवायला कोठार तयार. इतकं सोपं, म्हणून जो तो करत सुटला होता. कोणी चाचणीसाठी सर्व्हर चालू करून नोकरी सोडून गेला होता. कोणाच्या कोठाराचं दार साऱ्या जगाला उघडं होतं. एका सर्व्हरचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन दोन', तिसऱ्याचं 'आता खरंच नवीन'. तिघांनाही हात लावायला सगळे घाबरायचे, कारण ते कोणाचे हे कोणालाच माहीत नव्हतं.

यावर माझे दोन नियम होते. प्रत्येक वस्तूवर मालकाच्या नावाचा टॅग हवा, हा एक. आणि कोणतंही कोठार साऱ्या जगाला उघडं ठेवायचं नाही, हा दुसरा. हे नियम कागदावर नसतात. तेही कोडच असतात, आणि कोणी काही नवीन मागितलं की ती मागणी आधी त्यांच्यासमोरून जाते. नियम दोन तऱ्हांनी चालवता येतो. एकात तो नुसता इशारा देतो, दुसऱ्यात सरळ अडवतो. आमचा आठ महिने इशाराच देत होता. दर सोमवारी मी बिननावाच्या वस्तूंची यादी करून सगळ्यांना पाठवायची. आठ महिन्यांत त्या यादीला एक उत्तर आलं. कोणीतरी अंगठा वर केला होता. त्याच्याही तीन वस्तू यादीत होत्या.

एका दुपारी जेवताना मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांना क्लाउडचं काही घेणं नव्हतं, पण यादी पाठवली आणि कोणी ऐकलं नाही एवढं ऐकून त्यांनी भाताचा घास खाली ठेवला.

"यादी कायले पाठवते? मीबी बोर्ड लावला होता."

तो बोर्ड मला आठवत होता. तलावात बोटाएवढी पिल्लं सोडली की काही महिने बारीक डोळ्याचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं आणायला बंदी असते, नाहीतर पिल्लंच वर येतात. बाबांनी पाळीवर निळ्या अक्षरात तसं लिहून लावलं होतं. लोक त्या बोर्डाला सायकल टेकवून बारीक जाळं खांद्यावर टाकायचे आणि पाण्यात उतरायचे.

"मंग काय केलं?" आईच बोलली. तिला सगळं माहीत होतं, तरी तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

बाबा थोडे अवघडले. त्यांनी केलं होतं ते असं. बाभळीची एक खुंटी तासून दोन बोटं जाडीची केली आणि सकाळी पाळीच्या वाटेवर जाऊन बसले. येणाऱ्याचं जाळं हातात घ्यायचं, डोळ्यातून खुंटी घालून बघायची. गेली तर उतर पाण्यात, नाही गेली तर जाळं घरी. पहिल्याच दिवशी पहिलं जाळं अडलं ते माझ्या मामाचं, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाचं. त्यानंतर आठवडाभर बाबांच्या ताटात रश्शात मासा कमी आणि पाणी जास्त येत होतं.

"पन दुसऱ्या दिवशी सारे मोठ्या डोळ्याचे जाळे घेऊन आले," बाबा म्हणाले.

"आन माहा भाऊ?" आई म्हणाली.

"तो तिसऱ्या दिवशी आला."

मी वर गेले आणि आमच्या टीमच्या प्रमुख बाईंना लिहिलं, की इशारे पुरे झाले, आता अडवू या. त्या केरळच्या, कमी बोलणाऱ्या आणि त्याहून कमी हसणाऱ्या. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं. करा.

मग दोन आठवडे तयारी चालली. नियम अडवतो तेव्हा समोरच्याला एक संदेश दिसतो, तो लिहायचा होता. खरा संदेश मी सभ्य इंग्रजीत लिहिला. पण घरी एकटीने चाचणी करताना तोच तो सभ्य संदेश शंभरदा वाचून कंटाळा आला. म्हणून चाचणीपुरत्या एका वेगळ्या फाइलीत मी बाबा पाळीवर बोलतात तसं लिहून ठेवलं. नाव नसेल तर, "थांब गा. कोनाचा होय गा तू? पहिले नाव सांग, मंग आत जा." आणि कोठार उघडं असेल तर, "दार सताड उघडं टाकून कुठी चालला गा? पहिले दार लाव." प्रत्येक वेळी ते पडद्यावर उमटलं की मी एकटीच हसायची. आई खालून विचारायची, कामात एवढं हसू कायचं येते वो तुले.

माझा आणखी एक नियम होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. नियमांच्या कोडमध्ये काहीही बदलायचं तर दोघांची मंजुरी हवी. माझ्या बदलाला दोघांनी रीतसर मंजुरी दिली. फक्त, संदेश कोणत्या फाइलीतून घ्यायचा हे सांगणारी एक ओळ होती, ती आम्हा तिघांच्याही नजरेतून सुटली.

मंगळवारी सकाळी दहाला मी नियम अडवण्यावर टाकला. आईने पोह्यांची बशी आणून ठेवली होती. सगळं नीट चाललंय का बघावं म्हणून मी एक छोटा सर्व्हर मागितला. घाईत टॅग लावायला विसरले. पडद्यावर आलं, "थांब गा. कोनाचा होय गा तू?"

मी सवयीने हसले. नियमाने सगळ्यात आधी मलाच अडवलं होतं आणि ते मला आवडलंही. दुसरा घास तोंडाशी नेताना माझ्या लक्षात आलं की आता चाचणी चालू नव्हती.

कंपनीच्या गप्पांच्या गटात पहिला स्क्रीनशॉट दहा वाजून काही मिनिटांनी आला. बंगळुरूच्या एकाने विचारलं होतं, हा व्हायरस आहे का? दुसऱ्याने सांगितलं की त्याने ते भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं आणि ॲपच्या मते ही नेपाळी आहे. तिसऱ्याला आपलं खातं चोरीला गेलंय असं वाटून त्याने पासवर्ड बदलला होता. माझे कान गरम झाले, आणि त्याच वेळी हसूही आवरेना. पोह्याचा घास घशात अडकून मी इतकी खोकले की आई पाणी घेऊन वर आली.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी मिनिटभरात केली. पण तिलाही दोघांची मंजुरी लागत होती. मंजुरी देणाऱ्यांपैकी एक विमानात होता आणि दुसरी ग्राहकाबरोबरच्या मीटिंगमध्ये, ती एक वाजता सुटणार होती. वळसा घालून जायला वाट नव्हती. ती मीच बंद करून टाकली होती.

मग गंमत सुरू झाली. काय लिहिलंय याचा अर्थ नाशिकच्या एकाने सगळ्यांना सांगितला. मालकाचं नाव नाही म्हणून सर्व्हरला 'तू कोणाचा?' विचारतायत, हे कळल्यावर लोकांना ते फारच आवडलं. मुद्दाम टॅग काढून सर्व्हर मागायला लागले. हैदराबादच्या एकीने लिहिलं, मला अजून कोणी विचारलंच नाही, मी काय करू? चेन्नईच्या एकाने स्वतःच्या आवाजात ते वाक्य वाचून पाठवलं, आणि त्याच्या तोंडून 'गा' इतका लांब आला की मी हेडफोन काढून टेबलावर डोकं ठेवलं. अडवल्याची नोंद दर मिनिटाला वाढत होती. आणि त्याच पडद्यावर दुसरीकडे, आठ महिने जे झालं नव्हतं ते होत होतं. जुन्या बिननावाच्या वस्तूंवर एकेक नाव चढत होतं. 'नवीन'ला मालक मिळाला. 'नवीन दोन' त्याचाच निघाला. 'आता खरंच नवीन' आमच्याच टीममधल्या एकाचा निघाला, आणि तो दोन वर्षं माझ्यासोबत त्याच्याबद्दल कुरकुर करत होता.

साडेअकराच्या सुमारास पुण्याच्या एका सहकाऱ्याने माझ्या संदेशात बदल सुचवला. रीतसर, कोडमध्ये. 'कोनाचा'च्या जागी 'कोणाचा', 'होय'च्या जागी 'आहेस', 'मंग'च्या जागी 'मग', आणि 'गा' काढून टाका. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, शुद्धलेखन. मी खाली लिहिलं की हे आमच्या झाडीपट्टीचं मराठी आहे आणि ते शुद्धच आहे. त्याने लिहिलं, मग टीप द्या. पाच मिनिटांत चंद्रपूरच्या एकाने, जो कधी कुठे काही लिहीत नसे, तिथे येऊन सहा ओळी लिहिल्या. शेवटची होती, 'गा' काढला तर मी राजीनामा देईन. तो आमच्याकडचा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्याच धांदलीत फोन वाजला. इंदूरचा एक सहकारी होता, माझ्याच वयाचा. तो हिंदीत बोलत होता आणि हसत नव्हता.

"तुमचा नियम मला आत जाऊ देत नाहीये. दार लाव म्हणतोय. मला दार उघडंच हवंय."

"कशाला?"

"ग्राहकाला फाइली उतरवायच्या आहेत. अर्धा तास उघडं ठेवतो, मग लावतो. तो केव्हाचा थांबलाय. तेवढा नियम काढा."

हसण्याची धुंदी अजून अंगात होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, अर्ध्या तासाने काय होतं. पण नियम काढायलाही दोघांची मंजुरी लागली असती. नुसतं नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी विचारलं, "आत आहे काय?"

"बघितलं नाही. ग्राहकाचं आहे."

"एकदा बघ ना."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली, मग बंद झाली. तो हळू आवाजात म्हणाला, "तपासणी केंद्राचे रिपोर्ट आहेत. लोकांचे. नावं, वय, कोणाला कोणता आजार, सगळं."

माझं हसू गेलं. तलावाकडे बघत मी म्हटलं, "थांब, आपण दुसरं काही करू."

एकाच माणसाला चालेल आणि तासाभराने आपोआप बंद पडेल अशी लिंक करता येते. ती कशी करायची हे त्याला माहीत नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती, एवढंच. आम्ही दोघांनी मिळून दहा मिनिटांत ती केली. त्याने ग्राहकाला पाठवली, ग्राहकाने फाइली उतरवल्या, सगळं सुरळीत झालं. फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "ते दाराचं वाक्य तुम्ही लिहिलं?"

"माझ्या बाबांचं आहे."

"त्यांना माझा नमस्कार सांगा. मी खरंच उघडणार होतो."

फोन ठेवला आणि मी खोलीत उगाच दोन फेऱ्या मारल्या. दुसरा नियम कधी कोणाच्या उपयोगी पडेल याची मी आठ महिने वाट बघत होते आणि तो पहिल्या दिवशी, दोन तासांच्या आत पडला होता. मी जिन्यावरूनच ओरडून बाबांना वर बोलावलं. ते नुकतेच तलावावरून आले होते, पाय ओले, खांद्यावर दुपट्टा. तेवढ्यात प्रमुख बाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी घेतला, आणि बाबा माझ्या मागेच उभे राहिले, कारण तसं काही त्यांना कळतच नाही.

बाईंनी मला काही विचारण्याआधी मीच सगळं सांगून टाकलं. चुकीची फाइल, सुटलेली ओळ, अडकलेली दुरुस्ती, शुद्धलेखन, इंदूरचा फोन. एका दमात. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"हे कोण?"

"माझे बाबा. ती वाक्यं त्यांचीच आहेत."

बाई हिंदीत बाबांकडे वळल्या. "आप सच में ऐसे पूछते हैं?"

"पूछना पड़ता है, मॅडम," बाबा वाकून कॅमेऱ्याच्या फार जवळ येत म्हणाले. "नहीं पूछा तो सब घुस जाते."

बाई हसल्या. तीन वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. त्या म्हणाल्या की संदेश तसाच ठेवायचा, खाली इंग्रजी जोडायचं, आणि दुरुस्तीची मागणी मी मागे घ्यायची. शुद्धलेखनाच्या बदलाचं काय, असं मी विचारलं, तर त्यांनी तो आमच्यादेखत नामंजूर केला.

मला वाटलं संपलं. पण बाबा सरळ उभे राहिले, त्यांनी दुपट्टा नीट केला आणि मला म्हणाले, "पन त्या मॅडमले 'गा' नाही म्हणत ना."

"म्हणजे?"

"'गा' मानसाले. बाईमानसाले 'वो'. तुह्या त्या मशीनीनं साऱ्यायलेच 'गा' म्हटलं. बाया काय म्हणत असतील?"

मी ते बाईंना हिंदीत सांगितलं. त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या की हा बरोबर मुद्दा आहे, सर्व्हर मागणारा पुरुष की बाई हे नियमाला कळायला मार्ग नाही, काय करता येईल? आम्ही तिघं त्यावर खरोखरच विचार करू लागलो. एक कंपनीची अधिकारी, एक मच्छीमार सोसायटीचा सचिव आणि एक मी. बाबांनी सुचवलं, दोन्ही लिहा. शेवटी ठरलं, "थांब. कोनाचा होय गा तू, कोनाची होय वो तू? पहिले नाव सांग, मंग आत जा." आईला खालून बोलावून वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि एवढंच म्हणाली, की हे आधी मले विचारलं असतं तर एवढा घोळ झाला नसता.

हा बदल मी रीतसर पाठवला. एक वाजता मीटिंगमधून सुटलेलीने पहिली मंजुरी दिली. दुसरी, विमानातल्याच्या जागी, प्रमुख बाईंनी स्वतः दिली. सव्वा वाजता नवा संदेश चालू झाला, आणि पहिल्यांदा तो हैदराबादच्या त्या मुलीला मिळाला. तिने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, शेवटी मलाही विचारलं.

चार वाजता मी लॅपटॉप मिटला आणि स्कूटी काढून सानगडीला गेले. घरात बसवतच नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचं हिरवं रान, आणि मी हेल्मेटच्या आत हसत होते. त्या दिवशी बाजार होता. पेरू विकणाऱ्या बाईने माझ्याकडे दोनदा बघितलं.

"लगन जमलं का वो?" तिने विचारलं.

"नाही मावशी. ऑफिसातलं आहे."

"ऑफिसात असं काय रायते एवढं हसायले?"

मी सांगायला सुरुवात केली. क्लाउड म्हणाले, सर्व्हर म्हणाले, मग थांबले आणि कोठाराचं दार म्हणाले, बाबांचं वाक्य म्हणाले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तराजूत आणखी एक पेरू टाकला आणि म्हणाली, "हा तुह्या बाबाले दे."